कोट घालणाऱ्याचा की पाहणाऱ्याचा?

7 जून 1893. दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर 23 वर्षांचा एक हिंदी बॅरिस्टर रात्रभर कुडकुडत बसला होता. पहिल्या वर्गाचं तिकीट खिशात असूनही त्याला डब्यातून खाली उतरवलं होतं. तिथला जून म्हणजे ऐन हिवाळा. ओव्हरकोट होता, पण तो सामानात आणि सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात. मागायला गेलो तर पुन्हा पाणउतारा व्हायचा, म्हणून गांधींनी तो मागितलाच नाही. आत्मचरित्रात त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईला त्यांनी सदरा-टोपीही सोडली आणि उरलेलं आयुष्य पंचावर काढलं.

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटात हा सारा प्रवास कपड्यांतूनही उलगडतो. आधी बेतून शिवलेला विलायती कोट, मग हळूहळू एकेक वस्त्र कमी होत गेलेलं. हे कपडे उभे केले भानू अथैया यांनी. माहेरच्या राजोपाध्ये, जन्म कोल्हापूरचा, 1929 चा. सैन्य आणि ब्रिटिश पात्रांची बाजू जॉन मोलो या इंग्रज वेशभूषाकाराने सांभाळली. 1983 साली दोघांना मिळून वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर.

स्टेशनवरच्या खऱ्या ओव्हरकोटाचं काम एकच होतं, अंगाला ऊब देणं. पडद्यावरच्या कोटाला ते काम नसतं. तो नटाच्या अंगावर असला तरी असतो तिसऱ्याच माणसासाठी, अंधारात खुर्चीवर बसलेल्या प्रेक्षकासाठी. जनावराच्या अंगावरचा केसांचा कोट याच्या अगदी उलट. लाखो वर्षांत तो घडला तो घालणाऱ्याच्या सोयीने. मग माणूस मध्ये आला, त्याने कुत्री पाळली, घोडे पाळले, जोड्या लावल्या, आणि तो कोटही बघता बघता प्रेक्षकांसाठी झाला. हा लेख या दोन्ही कोटांबद्दल आहे, आणि जो कोट पाहणाऱ्यासाठी असतो त्याची किंमत कोण मोजतो याबद्दल.

दिव्यांखालचा सिंह

कोल्हापूरचं आणि चित्रपटाचं नातं जुनं. बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ काढला तो 1920 साली, आणि कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत सगळीकडे चित्रकाराचा हात फिरला. भानू अथैयांचे वडील अण्णासाहेब राजोपाध्येही चित्रकारच. भानूताई मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, प्रोग्रेसिव्ह गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, आणि मग त्या सिनेमाकडे वळल्या. ‘सी.आय.डी.’, ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाइड’, ‘आम्रपाली’ अशी ती यादी आहे. ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी राष्ट्रीय पुरस्कार. चित्रकाराची नजर असल्यामुळे कापडाचा रंग दिव्याखाली कसा बदलेल, पोत किती अंतरावरून दिसेल, याचा हिशेब कात्री हातात घेण्याआधीच झालेला असे. 2012 साली त्यांनी ऑस्करची बाहुली जतन करण्यासाठी अकादमीकडे परत पाठवली. 2020 च्या ऑक्टोबरात त्या गेल्या.

पडद्यासाठी कोट शिवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे तो वापरलेला दाखवणं. नवाकोरा कोट कॅमेऱ्यापुढे खोटा वाटतो. म्हणून कोपरं घासून झिजवायची, चहाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्याचा मळकट पिवळा करायचा, खिशात वजन घालून ते लोंबते ठेवायचे, कॉलरला घामाचा डाग आणायचा. चार्ली चॅप्लिनने 1914 साली आपला भटक्या उभा केला तेव्हा आधी ठरवला तो वेश. विजार ढगळ, कोट तंग, टोपी लहान, बूट मोठे, सगळं एकमेकांच्या विरुद्ध. त्या तंग कोटाने त्याला ऊब किती दिली कोण जाणे, पण दुसऱ्याने टाकलेला कोट घालूनही ऐट न सोडणारा माणूस जगाला एका नजरेत कळला.

प्रेक्षकांसाठी असलेल्या कपड्यांत घालणाऱ्याचे हाल होतात, हे आपल्याला हिंदी सिनेमाने फार पूर्वीच दाखवलं आहे. बर्फाळ डोंगरावर नायक स्वेटर, कोट, मफलर अशा जामानिम्यात, आणि त्याच बर्फात नायिका शिफॉनच्या पातळ साडीत. यश चोप्रांनी तर या साडीची परंपराच घातली. पडदाभर वाऱ्यावर उडणाऱ्या पदराखाली थंडीने काकडणारी एक बाई आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या गावीही नसतं.

याचं दुसरं टोक म्हणजे 1939 चा ‘द विझर्ड ऑफ ऑझ’. त्यातला भित्रा सिंह साकारला बर्ट लार या विनोदी नटाने, आणि त्याच्या अंगावरचा पोशाख होता खऱ्या सिंहाच्या कातड्याचा. टेक्निकलर तेव्हा नवं होतं आणि त्याला प्रचंड उजेड लागे. दिव्यांखाली सेटचं तापमान 38 अंशांच्या पुढे जाई. त्या भट्टीत सिंहाचं कातडं पांघरून लारने नाच केला, गाणी म्हटली. घामाने भिजलेला तो पोशाख सुकवावा लागत असे. तोच पोशाख 2014 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 30 लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला.

याच चित्रपटात रंग बदलणारा एक घोडा आहे. खरं तर ते निरनिराळ्या रंगांत रंगवलेले पांढरे घोडे होते. रसायनांचा रंग लावायला प्राणिदया संस्थेने हरकत घेतली, तेव्हा जेलीच्या गोड पुडीचा लेप करून तो घोड्यांच्या अंगाला फासला. घोडे चित्रीकरणाच्या मध्येच तो चाटून साफ करू लागले. प्रेक्षकांसाठी चढवलेला कोट घालणाऱ्याने खाऊन टाकल्याचं दुसरं उदाहरण सिनेमाच्या इतिहासात सापडणं कठीण आहे.

पुढे वेशभूषाकार शहाणे झाले. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’चे कपडे केले ते ‘गांधी’वाल्या जॉन मोलोंनीच, आणि त्यासाठी त्यांना पहिलं ऑस्कर मिळालं. त्यातला च्युबाका हा सात फुटांहून उंच केसाळ सोबती मात्र रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी घडवला. विणलेल्या लोकरीच्या अस्तरावर याकचे आणि अंगोरा बकरीचे केस गुंफून तो अंगरखा तयार झाला. ही कल्पना सुचली ती दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांच्या इंडियाना नावाच्या अलास्कन मॅलम्यूट कुत्र्यावरून. मोटारीत शेजारच्या आसनावर बसलेला तो झिपरा कुत्रा त्यांना सहवैमानिकासारखा दिसे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या वेशभूषाकार मिशेल क्लॅप्टन यांनी तर त्याहून सोपी वाट काढली. उत्तरेच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या शिलेदारांच्या खांद्यांवरची भारदस्त कातडी म्हणजे प्रत्यक्षात आयकिया या स्वीडिश दुकानातले गालिचे होते, हे त्यांनी 2016 साली एका व्याख्यानात सांगून टाकलं. गालिचे कापायचे, भादरायचे, चामड्याचे पट्टे लावायचे, मेण आणि मळ चोळायचा. करोडो लोकांनी मालिका पाहिली, कुणाला संशय आला नाही.

ठिपक्यांचा मोह

केसाळ कोटाच्या हव्यासाची सगळ्यात गाजलेली गोष्ट अर्थातच डाल्मेशियन पिल्लांची. डोडी स्मिथ या इंग्रज लेखिकेचं पुस्तक 1956 चं, डिस्नेचा चित्रपट 1961 चा. क्रुएला नावाच्या बाईला ठिपकेवाल्या पिल्लांच्या कातड्याचा कोट हवा असतो. चित्रपटासाठी हाताने प्रत्येक ठिपका काढायचा तर चित्रकार म्हातारे झाले असते. तेव्हा अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचं तंत्र वापरून चित्रकारांच्या रेषा थेट पारदर्शक फिल्मवर उतरवल्या. चित्रपटात 64 लाख 69 हजार 952 ठिपके आहेत, अशी डिस्नेची स्वतःची मोजदाद आहे.

गोष्टीचा बोध सरळ होता, कातड्यासाठी कुत्र्यांचा जीव घेऊ नका. प्रेक्षकांनी घेतला तो वेगळाच. 1985 साली चित्रपट अमेरिकेत पुन्हा प्रदर्शित झाला, आणि तिथल्या केनेल क्लबकडे दरसाल नोंदवल्या जाणाऱ्या डाल्मेशियनांचा आकडा सुमारे आठ हजारांवरून 1993 पर्यंत 42 हजारांच्या वर गेला. मग तितक्याच वेगाने तो कोसळला. ही जात मुळात घोडागाडीबरोबर मैलोन् मैल धावण्यासाठी वाढवलेली. सदनिकेत कोंडलेला डाल्मेशियन सोफा फाडतो, आणि मग त्याची रवानगी निवाऱ्यात होते. सिनेमात झळकलेल्या कुत्र्यांच्या जातीची मागणी पुढची दहा वर्षंही चढी राहू शकते, असं 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आलं.

ठिपक्यांमागे आणखी एक हिशेब आहे, तो पडद्यावर येत नाही. डाल्मेशियनचं पिल्लू जन्मतं ते पांढरंशुभ्र, ठिपके उमटू लागतात दोनेक आठवड्यांनी. तो पांढरा रंग म्हणजे त्वचेत रंगपेशींचा अभाव. याच रंगपेशी कानाच्या आतल्या भागात ऐकण्याच्या यंत्रणेला लागतात. तिथे त्या नसल्या तर पिल्लू एका किंवा दोन्ही कानांनी बहिरं होतं. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियनांपैकी जवळपास 30 टक्के कुत्री अशी निघाली. शुभ्र अंगावर रेखीव काळे ठिपके ही पाहणाऱ्याची आवड. त्या आवडीसाठी शतकभर जोड्या लावल्या गेल्या आणि बहिरेपण आलं कुत्र्याच्या वाट्याला.

पडद्यावरच्या दुसऱ्या गाजलेल्या कुत्रीची, लॅसीची, गंमत निराळी. ‘लॅसी कम होम’ 1943 चा. लॅसी ही मादी, पण तिची भूमिका केली पाल नावाच्या नर कोलीने, आणि पुढेही तिच्या भूमिकेत नरच आले. कारण केसांत होतं. कोलीची मादी ऋतुकाळानंतर आणि बाळंतपणानंतर केस गाळून बोडकी दिसू लागते. नराची आयाळ वर्षभर टिकते. स्त्रीपेक्षा देखणी स्त्री उभी करणाऱ्या बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हे नवलाचं वाटू नये.

संगणक आल्यावर तरी जिवंत अंगांची सुटका झाली का? बऱ्याच अंशी झाली. ‘मॉन्स्टर्स इंक’ या 2001 च्या चित्रपटातल्या निळ्या सुलीच्या अंगावर 23 लाखांहून अधिक केस होते, आणि प्रत्येक केस वाऱ्याने स्वतंत्र हलेल अशी सोय पिक्सारने केली होती. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ बहुतांश दृश्यांत संगणकातलाच. ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने तो घडवला आणि त्यातलं बरंच काम तिच्या मुंबई-हैदराबादच्या कार्यालयांतल्या मुलांनी केलं. त्या वाघाला 2013 साली ऑस्कर मिळालं, पण सोहळ्याच्या काही दिवस आधीच कंपनी दिवाळखोरीत गेली होती. आत पुरस्कार वाटला जात होता आणि बाहेर रस्त्यावर दृश्यपरिणाम करणारे कलाकार निदर्शनं करत होते. तिथेही पाहणाऱ्याच्या आनंदाचं बिल दुसऱ्याच कुणीतरी भरलं.

कुत्र्याचा दुपदरी कोट

आता खऱ्या केसांकडे वळू. हस्की, मॅलम्यूट, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस लांब, राठ, पाणी आणि ऊन परतवणारे. खालचे आखूड, दाट, कापसासारखे, हवा धरून ठेवणारे. ऊब येते ती केसांतून नव्हे, त्या अडकलेल्या हवेतून. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याच्या अंगावर आखूड केसांचा अंगासरशी बसलेला पातळ थर असतो. त्याला त्याहून जास्त नकोच असतं.

जगभरच्या कुत्र्यांत केसांचे इतके प्रकार दिसतात, पण 2009 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यातलं बहुतेक वैविध्य फक्त तीन जनुकांच्या खेळातून येतं. एक केसांची लांबी ठरवतं, दुसरं कुरळेपणा, तिसरं मिशा-दाढी आणि भुवयांचे झुपके. या तीन गुंड्या फिरवून माणसाने बीगलपासून पूडलपर्यंत सगळे नमुने काढले. पूडलच्या अंगावरचे ते प्रसिद्ध गोंडेसुद्धा आधी कामाचे होते. पाण्यात पडलेला शिकारीचा पक्षी आणणाऱ्या कुत्र्याला पोहणं हलकं व्हावं म्हणून बाकीचे केस कापत आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तिथले ठेवत. आज प्रदर्शनात जे गोंडे मिरवतात त्यांनी पाणी पाहिलेलंही नसतं.

सेंट बर्नार्डची कथा याहून बोलकी आहे. आल्प्समधल्या सुमारे 2,470 मीटर उंचीवरच्या खिंडीतल्या धर्मशाळेत साधूंनी ही कुत्री पाळली, ती हिमवादळात वाट चुकलेल्यांना शोधायला. बॅरी हा त्यांतला सगळ्यात नामांकित. 1814 साली तो मेला आणि पेंढा भरलेला त्याचा देह आजही बर्नच्या संग्रहालयात आहे. ही मूळ कुत्री आखूड केसांची होती. 1830 च्या सुमारास कळप रोडावला म्हणून साधूंनी लांब केसांच्या न्यूफाउंडलंडशी संकर केला. पिल्लं देखणी, झुपकेदार निघाली, पण बर्फात कुचकामी. लांब केसांत बर्फाचे गोळे अडकत, त्यांच्या वजनाने कुत्रं खचे. साधूंनी आखूड केसांची पिल्लं ठेवली आणि झुपकेदार खाली दरीतल्या लोकांना देऊन टाकली. आपण कॅलेंडरवर पाहतो तो सेंट बर्नार्ड बहुधा हाच, कामातून बाद झालेला.

कुत्र्याच्या केसांपासून खरोखरच पांघरूण करणारे लोकही होते, आणि त्यासाठी त्यांना कुत्रं मारावं लागत नव्हतं. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सेलिश लोकांनी लोकरीसाठी एक पांढरी, केसाळ जात जोपासली होती. मेंढरं भादरावीत तशी ही कुत्री भादरली जात, असं 1792 साली जॉर्ज व्हँकुव्हर या दर्यावर्दीने नोंदवलं. जातीत भेसळ होऊ नये म्हणून ही कुत्री बेटांवर किंवा कुंपणात वेगळी ठेवत आणि त्यांची निगा बायका राखत. त्या लोकरीच्या घोंगड्या मानाच्या समारंभात पांघरल्या जात. वसाहतकाळात रोगराईने आणि दडपशाहीने हा समाजच मोडून पडला आणि त्याबरोबर ही जातही संपली. 1859 साली मेलेल्या मटन नावाच्या कुत्र्याचं कातडं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत राहिलं होतं. 2023 साली त्याच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपीय कुत्री येऊन मिसळू लागल्यावरही सेलिश बायकांनी आपली जात बरीचशी शुद्ध राखली होती, हे त्यातून दिसलं.

कातड्याचा व्यापार मात्र वेगळ्या वाटेने गेला. कुत्र्या-मांजरांचं कातडं दुसऱ्याच नावाने विकलं जातं हे उघड झाल्यावर युरोपीय संघाने 2007 साली कायदा करून ते बंद केलं. ब्रिटनने कातड्यासाठी प्राणी पाळण्यावर 2000 साली बंदी आणली. भारताने 2017 च्या सुरुवातीला मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयात बंद केली.

आपल्याकडचा प्रश्न कातड्याचा नाहीच, जिवंत कोटाचा आहे. पुण्या-मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात संध्याकाळी फिरायला निघा. हस्की हमखास दिसेल. निळे डोळे, लांडग्यासारखा मुखवटा, झुपकेदार शेपूट. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या कामाच्या ग्रंथी तळव्यांना, बाकी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. मुंबईच्या दमट हवेत धापेने होणारा गारवाही अर्धवट. मग मालक दोन उपाय करतो. एक, चोवीस तास एसी. दुसरा, मशीन फिरवून कुत्र्याला सफाचट भादरणं. दुसरा उपाय तर घातक. वरचा थर ऊनही अडवतो. तो गेला की कातडी थेट उन्हात. शिवाय हस्की, सामोयेड यांचे भादरलेले केस कधीकधी महिनोन् महिने नीट उगवतच नाहीत. योग्य उपाय म्हणजे खालचा मेलेला थर नियमाने विंचरून काढणं, आणि त्याहून योग्य म्हणजे असं कुत्रं आणण्याआधी दहादा विचार करणं. पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर केंद्राने एप्रिल 2016 मध्ये बंदी घातली. पण देशातली पैदास जोरात चालूच आहे.

याच मातीत घडलेला कोट पाहायचा तर करवानी कुत्रा पाहावा. मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी या जातीला राजाश्रय दिला आणि मुधोळच्या राजांनी पंचम जॉर्जला यांची जोडी भेट दिली होती. 2005 साली टपाल खात्याने मुधोळ हाउंड या त्याच्या दुसऱ्या नावाने तिकीट काढलं. पुढे भारतीय लष्करानेही या जातीला प्रशिक्षण दिलं. उंच पाय, खोल छाती, आणि अंगावर गुळगुळीत, आखूड केस. ज्वारीच्या रानात भर उन्हात सशामागे धावणाऱ्याला शोभेल असा हा बेतलेला कोट. याचाच पश्मी हा भाऊबंद. त्याच्या कानांवर, पायांवर आणि शेपटीला रेशमी झालर. मराठवाड्यात दोन्ही सांभाळणारी घरं आहेत. शहरात मात्र हा कुत्रा दिसला की लोक विचारतात, ‘इतका हडकुळा का? खायला देत नाही का?’

तट्टं, भोवरे आणि पांढरा रंग

घोड्यांमध्ये केसांचा राजा शेटलंडचा पोनी. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, 60 अक्षांशावरची ही बेटं. वारा असा की झाड तग धरत नाही. तिथला पोनी 42 इंचांच्या आत, पण हिवाळ्यात त्याच्या अंगावर असा दुपदरी गालिचा चढतो की डोळे शोधावे लागतात. हा कोट थंडीमुळे येत नाही. तो येतो दिवस लहान होऊ लागल्यामुळे. शेटलंडला ऐन हिवाळ्यात दिवस सहा तासांचाही नसतो. डोळ्यांवर पडणारा उजेड कमी झाला की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि उन्हाळा सरायच्या आतच केस वाढायला लागतात. दिवस मोठे होऊ लागले की झडायला लागतात. प्रदर्शनवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते हिवाळ्यात तबेल्यात रोज 16 तास उजेड राहील असे दिवे ठेवतात, घोड्याचं शरीर फसतं आणि कोट आखूड, चकचकीत राहतो. मग थंडी वाजू नये म्हणून वरून कापडी झूल.

इंग्लंडच्या नैऋत्येचे एक्समूर पोनी अजून माळावर मोकळे राहतात. आत मऊ लव, बाहेर तेलकट राठ केस. पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, तसाच साचून राहतो, कारण आतली ऊब बाहेर गळतच नाही. केसांचे भोवरेही असे फिरलेले की पाणी पोटाखाली न जाता कडेने ओघळावं.

आपल्या घोड्यांना असा कोट लागत नाही. मुंबईच्या अक्षांशावर सगळ्यात लहान दिवसही 11 तासांच्या आसपास असतो. भीमेच्या खोऱ्यातल्या ज्या काटक भीमथडी तट्टांवर मराठ्यांच्या फौजा दूरवर गेल्या, त्यांचं अंग तुळतुळीत, आखूड केसांचं. आपल्या घोड्याचा शत्रू पाऊस. माथेरानला वाहनबंदीमुळे पिढ्यान् पिढ्या घोडा हे मुख्य वाहन राहिलं. तिथल्या आषाढ-श्रावणात केस दिवस दिवस सुकत नाहीत, भिजलेल्या कातडीवर जिवाणू वाढतात, खपल्या धरतात आणि खपल्यांबरोबर केसांचे पुंजके निघून येतात. खोगीराखाली ते झालं की घोडा कामातून गेला. म्हणून खरारा करणं म्हणजे नुसती चमक आणणं नव्हे. खरारा करणाऱ्याच्या हाताला जखम, गाठ, गोचीड आधी लागते.

घोड्याचा कोट वाचण्याची विद्या पाहायची तर दत्तजयंतीला सारंगखेड्याला जावं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी भरणारी ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी देशभर प्रसिद्ध. इथे गिऱ्हाईक दातांच्याही आधी अंगावरचे भोवरे पाहतं. मानेखालचा देवमण असला तर भाव चढतो, अशुभ जागी भोवरा निघाला तर चांगलं जनावरही पडून राहतं. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी भाग्याचा. भोवऱ्यांची ही चर्चा संस्कृतातल्या अश्वशास्त्रांत आवर्त या नावाने तपशिलात आली आहे. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन यांनी 1995 साली गुरांचा अभ्यास केला. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या वर असलेली गुरं अधिक बुजरी निघाली. म्हणून मालकाचं नशीब भोवऱ्यावर ठरतं असं होत नाही. पण त्वचा आणि मेंदू गर्भात एकाच थरातून घडतात, त्यामुळे भोवरा आणि स्वभाव यांचा काही संबंध असणं अगदीच अशक्य नाही.

सगळ्यात जास्त मागणी पांढऱ्याला. लग्नात नवरदेवाला पांढरीच घोडी हवी, मिरवणुकीलाही पांढराच घोडा. यात दोन प्रकार येतात. जन्मतःच पांढरा, गुलाबी कातडीचा तो नुकरा. दुसरा गडद रंगाचा जन्मून वयाबरोबर पांढरा होत जाणारा. गुलाबी कातडी आपल्या उन्हात भाजते, नाकाभोवती आणि डोळ्यांभोवती कर्करोगाचा धोका वाढतो. दुसऱ्या प्रकारात केस पांढरे करणारं जनुकच त्वचेच्या गाठींनाही आमंत्रण देतं. हा जनुकीय बदल 2008 साली सापडला. अशा घोड्यांपैकी 15 वर्षांपुढच्या 70 ते 80 टक्के घोड्यांना काळ्या गाठींचा मेलॅनोमा होतो. वरातीतल्या कुणाला याचा पत्ता नसतो. त्यांना फोटोत शुभ्र घोडी हवी असते. वर झगझगीत झूल, कानाशी बँड, डोळ्यांवर दिव्यांचा झोत.

घोंगडी आणि आपण

घालणाऱ्यासाठीच असलेला एक कोट महाराष्ट्राने स्वतः घडवला होता, घोंगडी. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर. वर्षातून दोनदा कातरणी, बायकांच्या हातची सूतकताई, सणगर विणकरांच्या खड्डामागावर वीण, आणि चिंचोक्याची खळ. धनगर तीच घोंगडी पावसात खोळ करून डोक्यावर घेई, थंडीत पांघरी, दुपारी अंथरी. ओली झाली तरी ती ऊब सोडत नाही. दिसायला ओबडधोबड, अंगाला टोचणारी, म्हणून शहराने ती नाकारली. आज अनेक ठिकाणी लोकरीला कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही आणि ती फेकून दिली जाते. त्याच शहरातल्या दुकानांत चकचकीत कृत्रिम फरचे जॅकेट टांगलेले असतात. ते प्लॅस्टिकचेच धागे आहेत आणि आपल्या हिवाळ्यात त्यांची गरज दहा दिवसांचीही नसते.

पडद्यावरचा कोट पाहणाऱ्यासाठी असणार, त्यात काही वावगं नाही. नटाने तो स्वतःहून अंगावर चढवलेला असतो, त्याचे पैसे घेतलेले असतात, आणि दृश्य संपलं की तो उतरवता येतो. कुत्र्याला आणि घोड्याला यातलं काहीच करता येत नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत निवड आपल्याला करावी लागते. घरी कुत्रं आणायचं असेल तर गावठी पिल्लू आणा, नाहीतर खात्रीच्या माणसाकडून करवानी घ्या. हस्की घरी आधीच असेल तर त्याला भादरू नका, रोज विंचरा आणि भर दुपारी बाहेर काढू नका. घरात लग्न असेल तर घोडीच्या रंगाचा हट्ट सोडा, आणि जी घोडी येईल तिची पाठ खोगीर चढवण्याआधी एकदा हाताने चाचपून पाहा. जखम लागली तर नवरदेवाला चालत न्या. लग्न तरीही लागतं.